कॉम्प्रेसर ‘हाय टेम्परेचर’वर पुन्हा पुन्हा बसतोय? रिसेट मारण्याआधी हे बघा

मे महिन्याचा दुसरा आठवडा. दुपारी तीनच्या सुमारास फोन वाजला. दोन नंबरचा कॉम्प्रेसर ‘बसला’, म्हणजे ट्रिप होऊन आपोआप बंद पडला होता. "साहेब, दोन नंबर बसला. रिसेट मारू का?" मी म्हणालो, मार. त्याच रात्री अडीचला पुन्हा फोन, पुन्हा तेच वाक्य. झोपेतच म्हणालो, मार. हे आठ-दहा दिवस चाललं. लॉगबुकात दर वेळी एकच ओळ: ‘हाय टेम्प ट्रिप, रिसेट करून चालू केला.’ मग एका सकाळी चहा पिताना ती पानं मागे-पुढे करून वाचली आणि लक्षात आलं, की दुपारच्या ट्रिपांचा आणि रात्रीच्या ट्रिपांचा एकमेकींशी काही संबंधच नाही. स्क्रीनवरचं वाक्य एकच होतं, बिघाड दोन होते. आणि ते मिसळून टाकण्याचं काम आमच्या रिसेटच्या बटणाने केलं होतं.

जागा अमरावतीकडची एक सूतगिरणी. ७५ किलोवॉटचे तीन स्क्रू कॉम्प्रेसर, म्हणजे दोन स्क्रूंमध्ये हवा दाबणारी मशीनं, तिन्ही तेलाचे आणि पंख्याच्या हवेवर थंड होणारे. दोन चालतात, तिसरा राखीव. असाच सेटअप वाळूजला, बुटीबोरीला, इचलकरंजीच्या एअरजेट लूमवाल्यांकडे, सगळीकडे सापडेल. म्हणून सविस्तर लिहितोय.

पॅनेल नेमकं काय करत असतं

कंट्रोलरकडे तीन प्रकारचे निरोप असतात आणि आपण तिन्हींना सरसकट ‘अलार्म’ म्हणतो. घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिला निरोप नुसत्या सूचनेचा. एअर एंडमधून, म्हणजे स्क्रू फिरतात त्या भागातून, बाहेर पडणाऱ्या हवा-तेलाचं तापमान १०५ अंशांवर गेलं की आमच्या मशीनवर पिवळा दिवा लागतो. मशीन चालूच राहतं. तापमान खाली आलं की दिवा आपोआप विझतो, फक्त नोंद राहते. दुसरा निरोप ट्रिपचा. ११० अंशांना कंट्रोलर मेन काँटॅक्टर (मोटरची वीज जोडणारं-तोडणारं स्विच) सोडतो, मोटर बंद, लाल दिवा. हा आपोआप जात नाही. तापमान ८० वर आलं तरी कोणीतरी येऊन बघेपर्यंत ट्रिप धरून ठेवलेली असते. मुद्दामच तशी ठेवलेली असते. नाहीतर मशीन गार झालं की स्वतःच सुरू होईल, परत तापेल, परत बसेल, आणि तेल करपेपर्यंत कोणाला पत्ता लागणार नाही. तिसरा निरोप सुरू न होऊ देण्याचा. टाकीत दाब शिल्लक आहे, फेज उलटा आहे, ब्लोडाऊनचा, म्हणजे टाकीतला दाब सोडण्याचा, टायमर संपलेला नाही, असं काही असलं की स्टार्टचं बटण कितीही दाबा, ढिम्म. ऑपरेटर मात्र सांगणार, "साहेब, मशीन खराब झालं, स्टार्टच घेत नाही."

१०५ आणि ११० हे आमच्या मशीनचे आकडे आहेत. तुमच्या मशीनचे मॅन्युअलमध्ये बघा. पण या दोन आकड्यांमधल्या पाच अंशांचं काम काय आहे ते समजून घ्या. पिवळा दिवा लागल्यावर कोणीतरी उठून कॉम्प्रेसर रूममध्ये जावं, एवढ्यासाठी ते पाच अंश दिलेले असतात. आमच्याकडे पिवळा दिवा एप्रिलपासून रोज दुपारी लागायचा. कोणी बघायचं नाही, कारण तो रोजच लागायचा.

आणखी एक. प्रत्येक ट्रिपच्या मागे वेळेचा हिशेब असतो. तेलाचा दाब मोजणारं स्विच असलेली मशीनं असतात, अमोनियाचे कॉम्प्रेसर तर हमखास. त्यात सुरुवातीचे काही सेकंद ती ट्रिप झाकून ठेवलेली असते, कारण मोटर फिरायला लागण्याआधी दाब येणारच कुठून? तो टायमर कोणी उगाच कमी केला की मशीन रोज सुरू होताना बसतं, आणि दोष तेलाच्या पंपावर जातो.

रिसेटच्या आधीची पाच मिनिटं

आता आमच्याकडे नियम केला आहे. मशीन बसलं की आधी पाच मिनिटं रिसेटला हात लावायचा नाही. हवा कमी पडत असेल तर राखीव मशीन सुरू करा, पण बसलेल्याला हात नाही.

त्या पाच मिनिटांत तीन गोष्टी करायच्या. एक, फॉल्टच्या मेमरीत जाऊन सगळ्यात पहिला आलेला निरोप वाचायचा. स्क्रीनवर वर दिसतो तो बऱ्याचदा शेवटचा असतो. मोटर बसली की दाब पडतो, दाब पडला की ड्रायर (हवेतलं पाणी काढणारं मशीन) ओरडतो, लो प्रेशर येतं, सगळे एकापाठोपाठ. मूळ दुखणं तळाशी दबलेलं असतं. वीज जाऊन आली की तर विचारूच नका, तिन्ही मशीनं आणि दोन ड्रायर मिळून पानभर अलार्म काढतात. वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत २४ जुलै १९९४ ला स्फोट झाला, तेव्हा शेवटच्या १०.७ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. आपल्या कॉम्प्रेसर रूमची गोष्ट तेवढी मोठी नाही, पण रात्रपाळीला एकटा असलेल्या पोराला वीस अलार्मही तेवढेच वाटतात.

दोन, ट्रिपच्या क्षणाची नोंद उतरवायची. बहुतेक कंट्रोलर त्या क्षणाचं तापमान, दाब, चालू तास आणि वेळ साठवून ठेवतात. मशीन लोडवर होतं (हवा दाबत होतं) की अनलोडवर (नुसतं फिरत होतं), तेही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि तीच कोणी करत नाही. ताबडतोब एअर एंडच्या डिस्चार्ज पाइपवर (हवा-तेल बाहेर पडतं तो पाइप) टेम्परेचर गन, म्हणजे न टेकवता तापमान मोजणारं उपकरण, धरायची. पाच मिनिटांनी नाही, लगेच. चकचकीत धातूवर गन खोटं, म्हणजे कमी दाखवते. म्हणून पाइपवर आधीच काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा लावून ठेवा आणि त्यावर नेम धरा. हा एक आकडा सांगतो, की मशीन खरंच तापलं होतं की पॅनेलला तसं वाटलं होतं. पुढचा सगळा तपास इथूनच दोन वाटांनी फुटतो.

दुपारची ट्रिप: मशीन खरंच तापलंय

दुपारी गन १०४ दाखवायची, पॅनेल ११०. पाइपचा पृष्ठभाग आतल्यापेक्षा थोडा गार असणारच. म्हणजे पॅनेल खरं बोलत होतं.

७५ किलोवॉटच्या कॉम्प्रेसरला जी वीज जाते, ती जवळपास सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. घरातले दोन किलोवॉटचे सदतीस गिझर एका खोलीत लावल्यासारखं आहे ते. ही उष्णता तेल उचलतं आणि कूलरमध्ये हवेला देतं. तेल कूलरकडे किती सोडायचं हे ठरवणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर तेलाच्या हातात दुसरा काही उपाय उरत नाही. बाहेरची हवा पाच अंशांनी चढली की डिस्चार्जही साधारण पाच अंशांनी चढतो. हिशेब सोपा आहे. आमचं मशीन जानेवारीत ३० अंशांच्या हवेत ८३ वर चालायचं, म्हणजे फरक ५३. मे महिन्यात बाहेर ४४ असेल तर ९७ यायला हवं. मग ११० कुठून आलं? १३ अंश कुठेतरी जास्तीचे होते आणि ते शोधायचे होते.

निम्मे अंश खोलीत सापडले. कूलरमधून बाहेर पडणारी गरम हवा डक्टने छताबाहेर जायची, पण डक्टचा कॅनव्हासचा जोड फाटला होता. गरम हवा खोलीतच पडत होती आणि पंखा तीच परत ओढत होता. मशीनच्या हवा ओढण्याच्या जाळीपाशी साधा थर्मामीटर टांगला. बाहेर ४४, जाळीपाशी ५१. कॅनव्हासच्या एका तुकड्यापायी सात अंश.

उरलेले सहा कूलरच्या पंखांत होते. सूतगिरणीत कापसाची रुई हवेत असतेच. ती कूलरच्या बाहेरच्या अंगाला चिकटते, त्यावर तेलाचा ओशटपणा बसतो, आणि गोधडीसारखा थर तयार होतो. हवा मारून साफ करणारे बहुतेक जण पुढून मारतात. त्याने रुई आणखी आत ठासली जाते. हवा ज्या बाजूने येते त्याच्या उलट बाजूने मारा, दाब कमी ठेवा, नाहीतर पंख वाकतात. थर तेलकट असेल तर नुसत्या हवेने निघत नाही. कूलर उतरवून धुवावा लागतो.

तरीही अंश सापडले नाहीत तर क्रमाने पुढे जा: तेलाची पातळी, ऑइल फिल्टर, थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हचा अडकलेला प्लंजर, आणि सगळ्यात शेवटी आतून लाखेसारखा थर बसलेला कूलर. हा शेवटचा रोग आपणच लावून घेतलेला असतो. तेलाचं तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. वर्षभर १०० वर चाललेलं तेल ठरलेल्या तासांना बदलून भागत नाही. आणि तेलाची टोपी उघडण्याआधी टाकीचा दाब शून्यावर आलाय हे गेजवर डोळ्यांनी बघा. मशीन बंद आहे म्हणजे दाब नाही, असं होत नाही.

एक इशारा उलट्या बाजूने. तापमान कमीच बरं म्हणून काही जण थर्मोस्टॅट काढून टाकतात. मग पावसाळ्यात मशीन ६० अंशांवर चालतं, हवेतलं पाणी वाफ होऊन बाहेर जाण्याऐवजी तेलात उतरतं, आणि तेल ताकासारखं पांढरं होतं. बेअरिंगला ताक चालत नाही.

रात्रीची ट्रिप: पॅनेलला भास झालाय

दुपारचं दुखणं गेलं. डक्ट शिवला, कूलर धुतला, दुपारी मशीन ९७-९८ वर शांत चालायला लागलं. रात्रीच्या ट्रिपा मात्र चालूच. रात्री बाहेर ३१ अंश, खोली गार, आणि स्क्रीनवर ‘हाय टेम्परेचर’.

त्या रात्री मी तिथेच थांबलो. दोन वाजून दहा मिनिटांनी डोळ्यांसमोर बसला. गन धरली: ८१. कंट्रोलरमधली नोंद: १२७. ऑपरेटरने दोन वाजता लॉगबुकात लिहिलेलं: ८६. दहा मिनिटांत ८६ वरून १२७ आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा ८१? दीड-दोन टनांचं लोखंड आणि आत टाकीभर तेल, ते असं उड्या मारत नाही. एअर एंडला तेल सोडणारा ऑइल स्टॉप व्हॉल्व्ह उघडलाच नाही तर तापमान झपाट्याने वर जातं हे खरं, पण तेही पायऱ्या चढत जातं. ९०, ९४, ९९ असे आकडे वाटेत दिसतात. आणि मग पाइप खरोखरच भाजतो. एका सेकंदात चाळीस अंश फक्त तारेत वाढू शकतात.

आता थोडं गणित, कारण इथे गणिताने आमचे पैसे वाचवले. डिस्चार्जचं तापमान मोजायला पीटी-१०० नावाचा सेन्सर असतो. प्लॅटिनमची तार, शून्य अंशाला १०० ओहम, आणि दर अंशाला सुमारे ०.३८५ ओहमने वाढते. ८६ अंशांना १३३.२ ओहम, ११० अंशांना १४२.३ ओहम. म्हणजे चालू मशीन आणि ट्रिप यांच्यामध्ये नऊ ओहमांचं अंतर आहे. नऊ ओहम! टर्मिनलचा स्क्रू अर्धा आटा ढिला असला, लगवर (वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या तुकड्यावर) थोडं काळं चढलं असलं, की एवढा रेझिस्टन्स सहज तयार होतो. कंट्रोलरला कळणार कसं की हे नऊ ओहम प्लॅटिनमचे नसून गंजाचे आहेत? तो ओहम मोजतो, अंश छापतो.

‘पण आमचा सेन्सर तीन वायरचा आहे, तो वायरचा रेझिस्टन्स वजा करतो,’ असं कोणीतरी म्हणेलच. करतो, पण तिन्ही वायरी सारख्या आहेत असं धरून. एकाच वायरीत बिघाड आला की वजाबाकीच चुकते.

तार पूर्ण तुटली असती तर प्रकरण सोपं होतं. रेझिस्टन्स अनंत झाला असता आणि कंट्रोलरने ‘सेन्सर फॉल्ट’ असं स्वच्छ सांगितलं असतं. दाबाच्या ट्रान्समीटरचंही तेच. तो ४ ते २० मिलीअँप पाठवतो. शून्य दाबालाही ४ मिलीअँप, म्हणून ३.६ च्या खाली गेलं की वायर तुटली हे समजतं. शून्याला शून्यच मिलीअँप ठेवले असते तर दाब गेला की वायर गेली, काहीच कळलं नसतं. ० ते १६ बारचा ट्रान्समीटर ८ बारला १२ मिलीअँप देतो, मल्टीमीटर मालिकेत लावून दोन मिनिटांत ताडून बघता येतं. पण अर्धवट तुटलेल्या, ढिल्या, हलणाऱ्या वायरीचा आकडा शक्य वाटणाऱ्या मर्यादेतच राहतो आणि खोटं बोलतो. म्हणून अशी वायर पकडायला त्रास होतो.

मग रात्रीच का? हे कोडं दोन दिवस सुटत नव्हतं. सुटलं ते असं. रात्री दोन विभाग बंद असतात, हवेचा खप कमी, म्हणून मशीन सारखं लोड-अनलोड करत राहतं. दिवसा ते जवळजवळ सतत लोडवर असतं. दर वेळी लोड घेताना सक्शन व्हॉल्व्ह उघडतो आणि सगळं चेसिस एकदा हादरतं. नोंदीतल्या चारही रात्रींच्या ट्रिपा लोड घेतल्याच्या क्षणाच्या होत्या. हादऱ्याबरोबर ढिला सांधा उघडत होता.

तपास असा केला. मशीन बंद, मेन स्विच काढून कुलूप लावलं, दाब शून्य. कंट्रोलरच्या टोकाला पीटी-१०० च्या तिन्ही वायरी सोडवल्या आणि मल्टीमीटर लावला. एकाच रंगाच्या दोन वायरींमध्ये फक्त वायरचा रेझिस्टन्स यायला हवा, ओहमच्या काही दशांशांत. आला ०.६. ठीक. दुसऱ्या रंगाशी एकीचा आकडा १२२.१, म्हणजे साधारण ५७ अंश. मशीन अजून कोमट होतं, तेव्हा तेही पटण्यासारखं. मग एकाने मीटर धरला आणि दुसऱ्याने सेन्सरच्या डोक्यापासून केबल हातभर हातभर हलवत आणली. जंक्शन बॉक्सपाशी येताच आकडा १२२ वरून १३१, मग १५०, मग परत १२२. सापडला.

जंक्शन बॉक्स उघडला. लग नीट क्रिम्प केलेलाच नव्हता, पक्कडीने चेपलेला होता. तारेचे निम्मे धागे तुटलेले, उरलेले लगमध्ये नुसते टेकलेले. वर ग्लँड (केबल आत शिरते तिथलं बूच) ढिला, त्यातून तेलाची वाफ आत. पंचवीस रुपयांचा माल. दरम्यान सर्व्हिसवाल्यांनी नव्या कंट्रोलर कार्डाचं कोटेशन देऊन ठेवलं होतं, त्याचा आकडा इथे लिहीत नाही.

नवा लग, नवा ग्लँड, केबलला हादरा बसू नये म्हणून थोडा झोल ठेवून क्लॅम्प. जोडण्याआधी सेन्सर काढून उकळत्या पाण्यात बुडवला: १३८ च्या जवळ. सेन्सर निर्दोष. बहुतेक ठिकाणी अशा वेळी सगळ्यात आधी सेन्सर बदलतात. नवा बसवताना वायरी पुन्हा आवळल्या जातात, त्यामुळे दोन महिने शांतता मिळते आणि ‘सेन्सरच खराब होता’ हा समज पक्का होतो.

व्हीएफडीवाल्या, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या, मशीनवर असाच भास आणखी एका कारणाने होतो. सेन्सरची केबल मोटरच्या केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये टाकलेली असते आणि शील्ड (केबलवरचं धातूचं वेष्टन) एक तर कुठेच जोडलेलं नसतं, नाहीतर दोन्ही टोकांना जोडलेलं असतं. शील्ड एकाच टोकाला, पॅनेलकडे अर्थ करा आणि केबल वेगळ्या वाटेने न्या. तिथे आकडा हादऱ्याने उडत नाही, मोटरच्या वेगाबरोबर थरथरतो. ही खूण.

बाकीच्या ट्रिपा, थोडक्यात

ओव्हरलोड रिले (ओएलआर), म्हणजे मोटरने जास्त करंट घेतला की ती बंद करणारा रिले, बसला की लोक पहिल्यांदा सेटिंग वाढवतात. कृपा करून वाढवू नका. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये ओएलआर बहुधा मोटरच्या फेजच्या वायरीत, डेल्टाच्या आत बसवलेला असतो, तिथे लाइनच्या ५८ टक्केच करंट वाहतो. नेमप्लेटवर १३० अँपिअर असेल तर सेटिंग ७५ च्या आसपास हवं. १३० ला लावलेले रिले मी पाहिलेत. ते मोटर जळेपर्यंत बसत नाहीत. सेटिंग बरोबर असून बसत असेल तर व्होल्टेज, तिन्ही फेजचा करंट आणि हवेतून तेल वेगळं करणारा सेपरेटर बघा. सेपरेटर चोंदला की हेडरला (हवेच्या मुख्य पाइपला) ७ बार दिसतात आणि आत एअर एंड ८ बारशी झगडत असतो. एक बार जास्त म्हणजे सहा-सात टक्के जास्त वीज, तीच करंटमध्ये दिसते. आणि रिलेमधली बायमेटलची पट्टी गार व्हायला दोन-चार मिनिटं लागतात. रिसेट बसत नाही म्हणून बटणावर स्क्रू-ड्रायव्हर ठोकणाऱ्यांना माझा नमस्कार.

‘फेज फॉल्ट’ येऊन मशीन सुरूच होत नसेल, आणि आदल्या दिवशी बाहेर लाइनचं किंवा ट्रान्सफॉर्मरचं काम झालं असेल, तर मीटरने फेजचा क्रम तपासा. स्क्रू उलटा फिरला तर तेल येत नाही आणि काही सेकंदांत रोटर एकमेकांना घासतात. तो रिले बायपास करून "फिरतंय का बघू" म्हणणं एअर एंडच्या किमतीचं पडतं.

कोणी हात लावलेला नसताना ‘इमर्जन्सी स्टॉप’ येतो, तेव्हा रात्रपाळीच्या पोरांवर संशय घेण्याआधी वायरिंग बघा. सुरक्षेची सगळी स्विचं एनसी (नॉर्मली क्लोज्ड) असतात, म्हणजे ठीक असताना जोडलेली, करंट वाहता. वायर तुटली, कनेक्टर ढिला झाला, तरी मशीन थांबतं. हे त्या मांडणीचं शहाणपण आहे आणि त्रासही तोच. पण एका जागी हे शहाणपण फसतं. इमर्जन्सी बटणाच्या मागचा काँटॅक्ट ब्लॉक क्लिपमधून निसटून बाजूला झाला, की एनसी जोडलेलाच राहतो. मशीन मस्त चालतं आणि बटण दाबलं तरी थांबत नाही. दर महिन्याला मशीन अनलोडवर असताना बटण खरोखर दाबून बघा.

बायपासबद्दल

रात्री प्रॉडक्शन थांबलेलं असतं, वरून फोन येत असतात, आणि कोणीतरी म्हणतं, "भाऊ, तात्पुरता जंपर मार ना," म्हणजे वायरचा तुकडा जोडून ट्रिप टाळ. तापमानाच्या ट्रिपवर जंपर मारू नका. ११० च्या पुढे तेल करपतं, त्याचा कोळसा सेपरेटर टाकीत साचतो, आणि टाकीत दाबाखाली गरम हवा आणि तेलाचे थेंब एकत्र असतात. सेपरेटरला आग लागल्याचे प्रकार या धंद्यातल्या जुन्या माणसांनी ऐकलेले आहेत. सेटिंग १२० करणं हाही जंपरच, फक्त वायर दिसत नाही. आमच्या कंट्रोलरला आता पासवर्ड आहे. पूर्वीचा पासवर्ड पॅनेलवरच मार्करने लिहिलेला होता.

ट्रिप चालते की नाही हेही वर्षातून एकदा तपासायला हवं. सेटिंग खाली आणून, चालू तापमानाच्या खाली नेऊन मशीन बसवणं हा सोपा मार्ग आहे, पण त्याने फक्त कंट्रोलरचा विचार तपासला जातो, वायर आणि सेन्सर नाही. आम्ही जंक्शन बॉक्सपाशी सेन्सर सोडवून तिथे रेझिस्टन्स बॉक्स लावतो आणि मशीन अनलोडवर ठेवून हळूहळू चढवतो. १४०.४ ओहमला पिवळा, १४२.३ ला लाल आणि काँटॅक्टर पडल्याचा आवाज. काँटॅक्टर खरंच पडला का, हे दिव्याकडे बघून नाही, मोटरकडे बघून ठरवायचं. चिकटलेला काँटॅक्टर दिव्याला ठाऊक नसतो.

पॅनेलच्या दाराच्या आतल्या अंगाला मी एक कागद लॅमिनेट करून चिकटवला आहे. ३० अंश, १११.७ ओहम. ४० अंश, ११५.५. ८० अंश, १३०.९. ९० अंश, १३४.७. १०० अंश, १३८.५. ११० अंश, १४२.३. त्याखाली पेनने: ‘आधी गन, मग फोन.’ परवा दुपारी फोन आला. "साहेब, दोन नंबर बसला. पॅनेल ११०, गन १०३, जाळीपाशी ५०. डक्टचा जोड परत फाटलाय वाटतं. तीन नंबर लावलाय. कॅनव्हास आहे का स्टोअरला?"